पिळाचे दुसरे टोक

मी एक जुने फडके आहे. फडके म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ओटा पुसायचे, तेलकट, काळपट असे काहीतरी आले असेल. तसे समजू नका, मित्रांनो. मी नारळाचे दूध पिळायचे फडके आहे. ओटा पुसणारे फडके माझ्या शेजारच्याच खिळ्याला टांगलेले असते, पण आमची फारशी बोलचाल नाही.

माझी सुरुवात एका पांढऱ्या मलमलीच्या थानातून झाली. दुकानदाराने मला मापून सर्रकन फाडले, घडी घातली आणि एका बाईच्या हातात दिले. तिच्या म्हाताऱ्या वडिलांना उन्हाळ्यात अंगावर घ्यायला काहीतरी पातळ हवे होते. अशी मी आधी चादर झाले. बाबा खिडकीजवळच्या खाटेवर पडून असत आणि माझा काठ दोन बोटांत धरून कुरवाळत बसत. खिडकीतून परसातला माड दिसायचा. ही त्यांची थोरली लेक जन्माला आली त्याच आठवड्यात बाबांनी तो स्वतःच्या हाताने लावला होता. त्यामुळे माड आणि लेक एका वयाची. बाबा कधी माडाकडे बघत, कधी दारातून आत येणाऱ्या लेकीकडे, आणि समाधानाने डोळे मिटत. माणसाच्या अंगावर इतकी वर्षे राहिल्यावर त्याच्या मनातले थोडेफार कापडालाही कळते.

बाबा गेले. काही महिन्यांनी लेकीने मला कपाटातून काढले, नाकाशी धरले, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग डोळे पुसून कात्री घेतली. माझे चार तुकडे झाले. तिने चौघांनाही काठाने बारीक शिवण घातली. एक तुकडा शेगडीवर जळला, एक वाऱ्याने नेला, एक झिजून फाटला. चौथा तुकडा म्हणजे मी. माझ्यासारख्या पातळ कापडाने इतकी वर्षे टिकावे, हेच मोठे नवल आहे.

ही लेक म्हणजे ताई. गल्लीतले पांढऱ्या केसांचे लोकसुद्धा तिला ताईच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणेन. ताईने लग्न केले नाही. गाड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानांच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत तिची सहा टेबलांची खानावळ आहे. चूल ताईची आणि पुढचा कारभार तिच्या धाकट्या भावाचा. गिऱ्हाइके त्याला भाऊ म्हणतात आणि ताई मात्र बाळ म्हणते, त्याचे पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडत असले तरी. भाऊ गोड बोलतो, भरभर वाढतो, आणि स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नाही. टाकायची गरजच त्याला कधी पडली नव्हती.

माझे काम बुधवारी. त्या दिवशी नारळाच्या दुधातला माशांचा रस्सा होतो आणि त्यासाठी नारळ परसातल्या माडाचेच लागतात. सकाळी ताई खवणीवर दोन नारळ खवते. खवलेल्या खोबऱ्यावर कोमट पाणी घालून ते हाताने चांगले कुस्करते आणि मग माझ्या पोटात भरते. माझी चारही टोके एकत्र धरून ती पीळ घालू लागते. एक, दोन, तीन. सातव्या पिळाला माझा जीव कासावीस होतो आणि तेव्हा कुठे दाट, सायीसारखे दूध भांड्यात उतरते. हे पहिले दूध झाकून बाजूला ठेवायचे. चोथ्यात पुन्हा पाणी घालून जे निघते ते दुसरे, पातळ दूध. मसाला आणि मासे त्या पातळ दुधात शिजतात. पहिले दूध अगदी शेवटी घालायचे, आणि घातले की आच बंद. उकळू दिले तर दूध फुटते आणि रश्शावर नुसते तेल तरंगते.

भावाचे लग्न झाले तेव्हा नव्या भावजयीने पहिल्याच बुधवारी नेमके हेच केले. घट्ट दूध आधी ओतले आणि वर खळाखळा उकळी आणली. रस्सा फुटून दाणेदार झाला. बाहेर सहाही टेबले भरलेली. भावजयीच्या तोंडचे पाणी पळाले. ताई भांड्यात डोकावली, पदर खोचला आणि बाहेर जाऊन म्हणाली, "मंडळी, आज माझा हात चुकला. रस्सा बिघडला. आज डाळ-भात गोड मानून घ्या."

"ताईचा हात चुकला?" गॅरेजचा मिस्त्री म्हणाला. "मग आज पाऊस पडणार बघा!"

सगळे हसले आणि डाळ-भात जेवून गेले. आत येऊन ताई भावजयीला एवढेच म्हणाली, "पुढच्या बुधवारी मी शेजारी उभी राहीन." मी खिळ्यावर लटकत हे सगळे पाहत होते. भावजयीने ते मनात जपून ठेवले होते, हे मला नंतर कळले.

काम झाले की ताई मला उकळत्या पाण्यात घालते. साबण नाही, कारण साबणाचा वास पुढच्या दुधाला लागतो. मग घट्ट पिळून परसात वाळत घालते. माझ्या दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरे त्या माडाला. मी वाऱ्यावर डुलत असते, वर झावळ्या सळसळत असतात आणि मला मनापासून वाटते की आपले नशीब थोर. ज्याच्या दुधाने माझे पोट भरते, त्यानेच मला उन्हात धरून ठेवले आहे! मित्रांनो, माडाचे उपकार मी कुठल्या तोंडाने सांगू? त्याने मला काम दिले आणि काम झाल्यावर विसावाही दिला.

मिस्त्री दर बुधवारी भाताचा शेवटचा घास ताटलीभर फिरवून ताटली लख्ख करायचा आणि म्हणायचा, "भाऊ, ही ताटली धुवायला टाकू नका. तशीच मांडा." आत ताईच्या कानावर ते पडे आणि ती उगीचच भांडी आपटी. आनंद झाला की ती भांडी आपटते.

असेच एकदा सगळ्यांनी वाहवा केली तेव्हा भाऊ दारातून हसत म्हणाला, "ताई, तुझे हात चालतायत तोवर आपली खानावळ चालणार! पुढचं पुढे."

तो बोलून गेला आणि विसरला. ताई विसरली नाही.

कारण त्या सुमारास तिचे अंगठे दुखायला लागले होते. सकाळी बोटे मिटत नसत. अंगठ्यांच्या मुळाशी सूज आली होती. हे घरात कोणाला ठाऊक नव्हते, पण मला कसे लपेल? मला सातऐवजी पाच पीळ बसू लागले. मग चार. मग तीन, आणि तिसऱ्याला ताई ओठ दाबून डोळे मिटून घेई. दूध माझ्या पोटातच राहू लागले. धुतल्यावरही ती मला धड पिळू शकत नव्हती. मी दोरीवर तासन् तास ठिबकत राही. उन्हात कडक होण्याऐवजी मला आंबूस वास येऊ लागला आणि दोरीवरून मुंग्यांची रांग माझ्याकडे निघाली. सगळ्यांत स्वच्छ म्हणून मिरवणारी मी! ओटा पुसणारे फडके तेव्हा काही बोलले नाही, हे त्याचे मोठेपण.

रस्सा पातळ होऊ लागला. ताईने दोनाचे तीन नारळ केले, तरी पातळच. मिस्त्री ताटली पुसेनासा झाला. एकदा तो चमचा वर धरून रश्शाची धार बघत भाऊला हळूच म्हणाला, "काय भाऊ, नारळाला पाणी सुटलं की काय?"

भाऊने ते मनावर घेतले. परसात येऊन कमरेवर हात ठेवून तो माडाकडे बघू लागला. "साठी उलटली याची," तो म्हणाला. "आता याच्यात काय राहिलंय? नुसती जागा अडवून बसलाय."

ताई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिचे वय तितकेच, हे भाऊच्या ध्यानात आले नाही. तिने मान खाली घातली आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली.

खरे तर कोणालाही उलगडा व्हायला हवा होता, कारण आमच्या कोंबड्या उघडउघड सांगत होत्या. पूर्वी बुधवारचा चोथा परसात टाकला की त्या दोन चोची मारून निघून जात. भुशासारख्या कोरड्या चोथ्यात असणार काय? आता त्या चोथ्यावर तुटून पडत होत्या, एकमेकींची पिसे उपटत होत्या आणि चांगल्या गरगरीत झाल्या होत्या. भाऊ येईल त्याला कौतुकाने दाखवी, "बघा, कोंबड्यांनी कसं अंग धरलंय!" रश्शातले दूध कोंबड्यांच्या पोटात जाते आहे, हे काही त्याच्या डोक्यात शिरले नाही.

शेवटी जेवताना त्याने सांगून टाकले, "येत्या बुधवारी तात्यांना बोलावलंय. माड पाडू. तिथे पत्रा घालून आणखी दोन टेबलं लावू. नारळाचं दूध काय, डब्यातलंही मिळतं."

ताईचा घास हातातच राहिला. "बाबांनी लावलाय तो," ती म्हणाली.

"मला का वाईट वाटत नाही, ताई? पण झाड थकलंय त्याला आपण काय करणार?"

झाड थकले नव्हते. हे ताईला माहीत होते आणि मला माहीत होते. तिने फक्त एवढे सांगायचे होते की बाळ, माझे हात गेले. पण हात चालतात तोवर खानावळ, असे तोच म्हणाला होता. स्वयंपाकघर सुटले की या घरात आपण कोण, हा प्रश्न तिला छळत होता. ती गप्प बसली. मला तिचा राग आला का? हो, आला. माडाचा जीव जात होता आणि ती गप्प होती. पण दुसऱ्या दिवशी दोरीवर मला उलटून घालताना तिने कपाळ माडाला टेकवले. "मला माफ कर," असे ती पुटपुटली, आणि माझा राग निवळला.

बुधवार उजाडला. तात्या सकाळीच आले. तात्या म्हणजे गल्लीतल्या सगळ्या माडांवरचे नारळ उतरवणारे. अंगाने काडी, पण माडावर सरसर चढणारे. खांद्यावर दोरखंड आणि हातात कुऱ्हाड होती. त्यांनी आधी माडाची दोरी सोडली, त्यामुळे मी त्यांच्या हातात आले. त्यांनी मला हुंगले, माझ्यावरच्या मुंग्या झटकल्या, कपाळाला आठी घातली आणि मला खांद्यावर टाकले.

"करा सुरुवात, तात्या," भाऊ म्हणाला.

"थांब रे. झाड पाडायच्या आधी मी त्याचा एक नारळ फोडून बघतो. पाहुण्याला वाटेला लावताना निदान चहा तरी विचारतो ना आपण?"

ते वर चढले आणि एक नारळ घेऊन उतरले. सोलून, फोडून त्यांनी अर्धी वाटी भाऊच्या नाकासमोर धरली. आत बोटाएवढे जाड खोबरे होते.

"हे थकलेलं झाड?" तात्या म्हणाले. "अरे, एवढं जाड खोबरं मी या गल्लीत दुसऱ्या कुठल्या माडाला पाहिलं नाही."

"मग दूध का पातळ निघतं?"

"ते मला काय विचारतोस? खवा इथेच, आणि पिळा माझ्यासमोर."

परसात खवणी आली, भांडे आले. तात्यांनी मला खांद्यावरून काढले आणि उकळत्या पाण्यातून काढायला सांगितले. नारळ खवून कुस्करून झाला. सगळे ताईकडे बघू लागले. ताईने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. मला वाटले, आता संपले. माड तरी जाईल, नाहीतर ताईची चूल तरी.

तेवढ्यात भावजय पुढे झाली. "हल्ली मीच पिळते," ती म्हणाली. "ताईंना मीच म्हटलं, तुम्ही बाकीचं बघा."

साफ खोटे! त्या बाईने मला वर्षभरात हात लावला नव्हता. तिने खोबरे माझ्यात भरले, टोके धरली आणि पीळ घातला. मित्रांनो, तिचे हात तरणे आणि दणकट होते, ते मला पहिल्याच पिळाला जाणवले. पण तिसऱ्या पिळाला ती थांबली. बरोबर तिसऱ्याला. मग मला कळले की तिने सगळे आधीच पाहिले होते. ताईचे अंगठे, ताईचे मिटलेले डोळे, पिळांची संख्यासुद्धा. भांड्यात पातळसर दूध पडले आणि तिने मला खाली ठेवले.

तात्यांनी मला उचलले. माडाचे खोड धरून धरून लाकडासारखे झालेले त्यांचे हात! त्यांनी चौथा पीळ घातला, पाचवा, सहावा, सातवा. भांड्यात पांढरीशुभ्र दाट धार लागली, थांबेचना. कितीतरी दिवसांनी माझे पोट रिकामे झाले.

भाऊचा चेहरा लाल झाला. तो बायकोवर उखडला. "इतकी वर्षं झाली या घरात येऊन, आणि तुला साधं पिळता येत नाही? तुझ्यापायी मी बाबांचा माड तोडायला निघालो होतो! गिऱ्हाइकं नावं ठेवायला लागली, आणि तू..."

भावजय मान खाली घालून उभी राहिली. 

"तिला काही बोलू नकोस!" ताईचा आवाज इतका मोठा झाला की कोंबड्या पळाल्या. तिने पदराखालून हात काढून पुढे धरले. "ती नाही, मी पिळते. हे बघ माझे अंगठे. वर्ष झालं. मला पिळवत नाही रे बाळ, मला पिळवत नाही. माडाला बोलता येत नव्हतं म्हणून मी गप्प बसले. हिला बोलता येतं, आणि तरी ही माझ्यासाठी गप्प बसली. आता मी गप्प राहिले तर माझ्यासारखी पापी मीच."

भाऊ तिच्या हातांकडे बघत राहिला. कितीतरी वर्षे त्या हातचे जेवून त्याने ते हात कधी नीट पाहिले नव्हते.

"वर्ष झालं?" तो म्हणाला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, हात चालतात तोवर खानावळ. मग हात थांबल्यावर मी काय करायचं?"

"ते मी..." भाऊ तिच्याजवळ गेला. "ताई, ते मी गमतीनं म्हटलं होतं गं."

मग त्याने नाक ओढले, इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले. राहिलेला चोथा पाणी घालून पुन्हा माझ्यात भरला, मला लांबट गुंडाळले आणि एक टोक भावजयीपुढे केले. "धर ते टोक," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो दूध पिळायला निघाला होता, आणि ज्या बाजूला बायको फिरवी त्याच बाजूला तोही फिरवू लागला. मला पीळ बसेना. मी नुसती गोल गोल फिरत राहिले.

"अरे, उलटा फिरव, उलटा!" ताई ओरडली. "संसार करतोस आणि एवढं कळत नाही?"

तात्या कुऱ्हाडीवर रेलून पोट धरून हसले. मग भावजय हसली, मग ताई हसली आणि हसता हसता रडली. भाऊने हात उलटा फिरवला. मला असा पीळ बसला की सातच्या पुढे मी मोजलेच नाहीत. दुसऱ्या दुधाचीसुद्धा दाट धार आली.

तात्यांनी माझी दोरी पुन्हा माडाला बांधली आणि कुऱ्हाडीच्या धारेला चिंधी गुंडाळून ते जेवायला थांबले. त्या दिवशीचे घट्ट दूध ताईने स्वतः ओतले आणि स्वतःच आच बंद केली. मिस्त्रीने ताटली पुसून भाऊच्या हातात दिली. "माडाला खत घातलं वाटतं," तो म्हणाला. आत भांडी इतकी आपटली की गल्लीत ऐकू गेली.

आता दर बुधवारी माझे एक टोक भाऊकडे असते आणि दुसरे भावजयीकडे. ताई मध्ये उभी राहते, भांड्यात पडणारी धार बघते आणि "अजून एक" किंवा "बास" म्हणते. तिने बास म्हटल्याशिवाय कोणी थांबत नाही. चोथा पुन्हा भुशासारखा होतो. कोंबड्या आमच्यावर नाराज आहेत, पण त्याला इलाज नाही.

मित्रांनो, मी आता फार विरले आहे. माझ्यातून समोरचा माड दिसतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी टिकेन असे वाटत नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. ज्या थानातून आले ते, ज्या बाबांनी माझा काठ कुरवाळला ते, ज्या माडाने मला उन्हात धरले तो, आणि ज्या हातांनी मला पिळले ते, या सगळ्यांचे माझ्यावर ऋण आहे. मला घट्ट पिळणाऱ्यांचे तर सर्वांत जास्त. पोटात दूध धरून आंबत पडणे किती वाईट, ते मी भोगले आहे.

तुमच्याही घरात कधी एखादी गोष्ट पूर्वीसारखी होईनाशी होईल. पोळी जाड होईल, शिवण वाकडी जाईल, अंगण अर्धेच झाडलेले दिसेल. तेव्हा पिठाला, सुईला किंवा झाडूला दोष देण्याआधी त्या हातांकडे एकदा नीट बघा. आणि बघून झाल्यावर काही बोलू नका. फक्त दुसरे टोक धरा.